उसनं वाद्य

बायरॉइटच्या नाट्यगृहात कंडक्टर दिसत नाही. रिचर्ड वाग्नरने जर्मनीतल्या या छोट्या गावाच्या टेकडीवर स्वतःच्या ऑपेरांसाठी ते बांधून घेतलं. १८७६ साली तिथं पहिला महोत्सव झाला. वादकांना त्याने रंगमंचाच्या पोटात, खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर बसवलं आणि वरून लाकडी झाकण घातलं. प्रेक्षकाला समोर फक्त रंगमंच दिसावा. वादकांच्या दिव्यांचा उजेड, व्हायोलिनच्या गजांची चढउतार, कंडक्टरच्या छडीचं टोक, यांतलं काही म्हणता काही दिसू नये. महोत्सव भरतो ऐन उन्हाळ्यात. झाकणाखाली चांगलंच उकडतं, त्यामुळे वादक टीशर्ट आणि हाफ पँटवर वाजवतात. कंडक्टरही साध्या सदऱ्यात उभा असतो. कोट-टायचा थाट करायचा कुणासाठी?

बायकांना कंडक्टिंगपासून लांब ठेवताना जी कारणं दिली गेली, त्यांतलं सगळ्यांत लाडकं कारण होतं ‘दिसण्याचं’. बाई उभी राहिली की लोक संगीत ऐकणार नाहीत, तिच्याकडे बघत बसतील. तिचे उघडे दंड, तिची पाठ, तिचे केस. हे कारण खरं धरलं, तर बायकांना सगळ्यांत आधी बायरॉइटमध्ये जागा मिळायला हवी होती. तिथं बघायला कुणाला काही मिळतच नाही. प्रत्यक्षात त्या झाकणाखाली पहिली बाई उतरली २०२१ साली. ओक्साना लिनिव, युक्रेनची. ‘द फ्लाइंग डचमन’ तिने कंडक्ट केला. म्हणजे १४५ वर्षं लागली.

यातला विनोद असा, की ते घर चालवलं मात्र बायकांनी. १८८३ मध्ये वाग्नर गेला आणि त्याची विधवा कोसिमा हिने महोत्सव हातात घेतला. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं उलटेपर्यंत तिचाच शब्द तिथं शेवटचा होता. कोण गाणार, कसं उभं राहणार, कुठल्या अक्षरावर जोर देणार, हे सगळं ती ठरवायची. पुढे सून विनिफ्रेड हिने १९३० पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत कारभार पाहिला (हिटलरशी असलेल्या तिच्या घरोब्याचा डाग त्या टेकडीवरून अजून धुऊन निघालेला नाही). २००८ पासून पणती कॅथरीना तिथं आहे. मालकीण बाई चालत होती, चुलीपासून तिजोरीपर्यंत सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. फक्त ती छडी तेवढी नाही. तेव्हा ‘दिसण्या’चं कारण काही खरं नव्हतं. खरं कारण शोधायला दुसरीकडे जावं लागतं.

मला वाटतं, ते या कामाच्या स्वभावातच दडलेलं आहे. व्हायोलिन शिकणारी मुलगी व्हायोलिन घरी नेते. दार लावून घेते, चुकते, पुन्हा वाजवते, शेजाऱ्यांच्या शिव्या खाते. गाणारीचं वाद्य तर तिच्या गळ्यातच असतं. कंडक्टरचं वाद्य म्हणजे ऐंशी-शंभर पगारी माणसं. ती घरी नेता येत नाहीत. आरशासमोर हात हलवून फार तर हात हलवणं येतं, कंडक्टिंग येत नाही. कारण आरसा उशिरा वाजत नाही, आरशाला श्वास लागत नाही, आरशातला ओबोवाला तुमच्याकडे संशयाने बघत नाही. हे वाद्य नेहमी उसनंच मिळतं. कुणीतरी द्यावं लागतं. आणि जिने अजून कधी वाजवून दाखवलेलं नाही, तिला द्यायला कुणी तयार नसतं.

झुबिन मेहतांचं उदाहरण मुंबईकरांना ठाऊक आहे. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढच्या वर्षी झुबिनचा जन्म. घरात सिम्फनीच्या तबकड्या, वडिलांच्या तालमी आणि किशोरवयातच त्या तालमीत वादकांसमोर उभं राहण्याची संधी. १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेलेल्या त्या मुलाने हे उसनं वाद्य हाताळून पाहिलेलं होतं. त्यांच्या प्रतिभेला यामुळे जराही कमीपणा येत नाही. पण ज्याच्या घरी विहीर आहे तो पोहायला लवकर शिकतो, एवढं तर मान्य करायला हवं.

याच्या नेमकं उलट नशीब अँटोनिया ब्रिकोचं. १९०२ मध्ये रॉटरडॅममध्ये जन्मली, कॅलिफोर्नियात पालक आई-बापांकडे वाढली, बर्लिनच्या संगीत अकादमीत कंडक्टिंगचा मास्टरक्लास पुरा केला आणि १९३० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभी राहिली. इतकी वरची सुरुवात भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही. अमेरिकेत परतल्यावर मात्र वाद्य मिळेना. न्यूयॉर्कला काही मैफली झाल्या, तेव्हा एका नामांकित गायकाने बाईच्या हाताखाली गाणार नाही म्हणून सांगितलं. मग १९३४ मध्ये तिने सरळ बायकांचाच ऑर्केस्ट्रा काढला. तो गाजला. पुढे तिने त्यात पुरुषही घेतले. घेतले, आणि नवलाई संपली. बायका-बायकांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे बघण्यासारखी गंमत होती. बाई कंडक्टर असलेला साधा ऑर्केस्ट्रा ही मात्र स्पर्धा होती.

ब्रिको डेन्व्हरला गेली. तिथं पियानो शिकवत राहिली आणि हौशी-निमहौशी वादकांचा ऑर्केस्ट्रा सांभाळत राहिली. तिच्या पियानोच्या विद्यार्थिनींमध्ये एक जूडी कॉलिन्स होती, पुढे फोक गायिका म्हणून प्रसिद्ध झालेली. तिने जिल गॉडमिलो या दिग्दर्शिकेबरोबर १९७४ मध्ये या बाईंवर माहितीपट काढला. त्यात सत्तरी ओलांडलेली ब्रिको आपल्या वर्षाकाठच्या मोजक्या मैफलींबद्दल बोलते, आणि बोलता बोलता तिचा आवाज एकदम चढतो. तिथं रडगाणं नाही. भुकेल्या माणसाला जेवणाबद्दल विचारल्यावर जसा संताप येईल तसा तो संताप आहे. माहितीपटानंतर तिला आमंत्रणं आली, मैफली मिळाल्या. पण मधली तीस-पस्तीस वर्षं, हात शिकण्याची, चुकण्याची आणि पिकण्याची वर्षं, ती कुठून आणायची?

काहींनी यावर आपापले उपाय काढले. सारा कॉल्डवेलने १९५८ मध्ये बॉस्टनमध्ये स्वतःची ऑपेरा कंपनीच उभी केली. पैशांची कायम चणचण, पण शोएनबर्गच्या ‘मोझेस आणि आरोन’सारखी अवघड कामं अमेरिकेत पहिल्यांदा उभी करण्याची छाती तिने दाखवली. १९७६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये ‘ला त्रावियाता’ कंडक्ट करून ती तिथली पहिली बाई ठरली. तेही बेव्हर्ली सिल्स या गायिकेने तिच्यासाठी हट्ट धरला म्हणून. मरिन ऑल्सॉपला कंडक्टिंगच्या अभ्यासक्रमात प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तिने १९८४ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचा ऑर्केस्ट्रा जमवला. पैसा दिला कापडाच्या धंद्यातल्या ताकी नावाच्या एका जपानी गृहस्थांनी. पुढे त्यांच्याच नावाने तिने तरुण बायकांसाठी कंडक्टिंगची शिष्यवृत्ती काढली. म्हणजे आधी वाद्य विकत घेतलं, मग ते दुसऱ्यांना उसनं दिलं. तरीसुद्धा २००५ मध्ये बाल्टिमोरच्या ऑर्केस्ट्राने तिची नेमणूक जाहीर केली, तेव्हा वादकांच्या मोठ्या गटाने कंडक्टरचा शोध थांबवू नका म्हणून उघड विरोध केला. ती त्यांच्यासमोर जाऊन बोलली, २००७ मध्ये रुजू झाली आणि टिकली.

पण मला जास्त ओढ वाटते ती सिमोन यंगच्या वाटेची. ती पुढच्या दाराने आलीच नाही. ती आली तालमीच्या खोलीतून.

सिडनीत १९६१ मध्ये जन्मलेली ही मुलगी पियानो आणि रचना शिकली आणि १९८३ मध्ये तिथल्या ऑपेरा कंपनीत पियानोवादक म्हणून लागली. ऑपेराच्या तालमींना रोज रोज पुरा ऑर्केस्ट्रा परवडत नाही. आठवडेच्या आठवडे गायक फक्त पियानोवर तालीम करतात, आणि पियानोवर बसलेल्या माणसाने एकट्याने ऐंशी वाद्यांचं काम करायचं असतं. कुठं हॉर्न येणार, कुठं चेलोंचा सूर गायिकेला उचलून धरणार, हे दहा बोटांत आणायचं. गायक गैरहजर असेल तर त्याची ओळ स्वतः गायची, शब्द विसरला तर पुरवायचा, उच्चार सुधारायचे. कोण कुठं श्वास घेतो, कुणाला वरच्या सुराआधी अर्धा क्षण जास्त लागतो, कोण आदल्या रात्री प्यायलेला आहे, हे सगळं या माणसाला कंडक्टरच्या आधी कळतं.

लहानपणी मला संगीत नाटकाला नेलं की पुढच्या रांगेत बसायचं असायचं, कारण तिथून ऑर्गनवाल्याची मान दिसायची. रंगमंचाच्या पायाशी एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला तबला. ऑर्गनवाल्याची नजर सतत वर, नटाच्या तोंडाकडे. पद रंगलं आणि तान लांबली तर हा सूर धरून बसणार. प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला की नटाच्या डोळ्यांकडे बघून कुठून उचलायचं ते क्षणात ठरवणार. गोविंदराव पटवर्धनांसारख्या साथीदाराचं नाव जाणकार आजही गायकांच्या बरोबरीने घेतात ते उगीच नाही. सिमोन यंगने सिडनीच्या त्या खोलीत जे कमावलं ते मला या जातीचं वाटतं. वरच्या माणसाचा श्वास खालून ओळखण्याची विद्या. आणि ही विद्या तिला मिळाली, कारण तालमीच्या पियानोवर बाई बसलेली कुणाला खुपत नव्हती. साथ करणारी बाई चालते. साथीतून ती कधी सूत्रं हातात घेईल, हे लक्षात यायला वेळ लागतो.

१९८५ मध्ये तिने सिडनी ऑपेरा हाउसमध्ये पहिल्यांदा छडी उचलली, पुढच्या वर्षी ती कंपनीची निवासी कंडक्टर झाली. मग युरोप: कोलोनमध्ये जेम्स कॉनलनची साहाय्यक, बर्लिनमध्ये आणि त्या बायरॉइटमध्येही डॅनियल बॅरेनबॉइमची साहाय्यक. हे थांबून लक्षात घेण्यासारखं आहे. बायरॉइटच्या तालमींत ती तेव्हाच होती. वादकांच्या त्या विचित्र खड्ड्याच्या सगळ्या खोड्या तिला कळलेल्या होत्या. तिथं आवाज आधी रंगमंचाकडे जातो, गायकांच्या आवाजात मिसळतो आणि मग सभागृहात येतो. कंडक्टरच्या कानावर ऑर्केस्ट्रा धबाधबा कोसळतो आणि गायक मात्र लांबून, पुसट ऐकू येतात. गायकाची वाट बघत राहिलं तर सगळं मागे पडतं. कानावर विश्वास न ठेवता हात पुढे चालवावा लागतो. पहिली व्हायोलिनंसुद्धा तिथं नेहमीच्या डाव्या बाजूला नसतात, उजवीकडे असतात. सवयीचा हात चुकीच्या दिशेला जातो.

१९९३ मध्ये व्हिएन्ना स्टेट ऑपेरात ऑर्केस्ट्रासमोर उभी राहणारी ती पहिली बाई. आता व्हिएन्नाची गंमत अशी, की ऑपेराच्या पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, वाजवणाऱ्या वादकांमधूनच व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे सदस्य निवडले जातात. रात्री पिटात बसणारे तेच लोक आपल्या मैफलींमध्ये फिलहार्मोनिक म्हणून व्यासपीठावर बसतात. १९९३ मध्ये त्या फिलहार्मोनिकमध्ये एकही बाई सदस्य नव्हती. आना लेल्केश नावाची हार्पवादक वीसहून अधिक वर्षं त्यांच्याबरोबर वाजवत होती. तिला सदस्यत्व दिलं १९९७ मध्ये, जगभर बभ्रा झाल्यावर. म्हणजे यंग ज्यांच्यासमोर उभी राहिली, ते वादक पिटात तिच्या हाताकडे बघून वाजवायला तयार झाले. त्यांच्यासमोर उघड्या व्यासपीठावर ती उभी राहिली २००५ मध्ये. फिलहार्मोनिकला कंडक्ट करणारी पहिली बाई अशी बातमी तेव्हा जगभर झाली. खालून वर यायला, त्याच माणसांसमोर, बारा वर्षं लागली. वादक तेच, बाई तीच. फरक फक्त एवढाच की आता लोकांना दिसणार होतं. ‘दिसण्या’चं कारण बायरॉइटमध्ये खोटं पडलं होतं, पण व्हिएन्नाच्या या बारा वर्षांत मला ते जरा वेगळ्या रूपात भेटतं. बाई दिसते ही अडचण नव्हतीच. आपण बाईचं ऐकतो हे लोकांना दिसेल, ही अडचण होती.

मधल्या काळात घरी, ऑस्ट्रेलियात, तिला राष्ट्रीय ऑपेरा कंपनीची संगीतप्रमुख म्हणून बोलावलं गेलं आणि २००३ नंतर करार वाढवला नाही. तिच्या योजना फार खर्चीक आहेत, असं एक कारण पुढे आलं. त्याच वर्षी हँबुर्गने तिला निवडलं. २००५ ते २०१५ अशी दहा वर्षं ती हँबुर्ग स्टेट ऑपेराची संचालक आणि तिथल्या फिलहार्मोनिकची प्रमुख कंडक्टर, दोन्ही होती. एकेकाळी जिथं संगीतकार माहलर कंडक्टर होता ते हे घर. संचालक म्हणजे कंडक्टिंगखेरीज कोणते ऑपेरे लावायचे, कुणाला घ्यायचं, तिकिटं किती खपली, नगरसरकारशी पैशांसाठी वाद कसा घालायचा, हेही तिच्याच टेबलावर. ब्रुकनरच्या सिम्फनींची मूळ संस्करणं तिने ध्वनिमुद्रित केली, आणि वाग्नरचा ‘रिंग’ पुरा, चारही ऑपेरे मिळून. ‘रिंग’ म्हणजे चार संध्याकाळी विभागलेलं सुमारे पंधरा तासांचं संगीत. तो पुरा ध्वनिमुद्रित करणारी ती पहिली बाई.

मी हे ध्वनिमुद्रण अधूनमधून लावते. त्यात मला सगळ्यांत आवडते ती तिची घाई न करणारी चाल. भव्य जागा येताच ती थाटात हात पसरत नाही, गायकाचं वाक्य आधी पुरं होऊ देते. पियानोच्या खोलीतल्या त्या वर्षांचा हा गुण असावा असं मी मनाशी धरून चालते. अर्थात, हे मला तिचा पूर्वेतिहास माहीत आहे म्हणूनही ऐकू येत असेल. बाई असण्यावरून सतत विचारलेल्या प्रश्नांना ती कंटाळली आहे, हे तिने मुलाखतींत लपवलेलं नाही. मी मात्र इथं दोन हजार शब्द त्याच विषयावर लिहीत बसले आहे. वाचकांनी तिच्या वतीने माझ्यावर जरा रागवायला हरकत नाही.

तरी एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. २०२४ मध्ये ती अखेर बायरॉइटच्या झाकणाखाली ‘रिंग’ घेऊन उतरली, तिथं हे करणारी पहिली बाई म्हणून. तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती, ‘रिंग’चं तिचं ध्वनिमुद्रण केव्हाच बाजारात होतं, आणि तरीही ती तिथं पोचली ती फिलिप जॉर्डनने काम सोडल्यावर, बदली म्हणून. त्याच वर्षी मिलानच्या ला स्कालात नव्या ‘रिंग’ची सुरुवात तिच्या वाट्याला आली, तीही क्रिस्टियन थीलेमानने माघार घेतल्यावर आणि दुसऱ्या एका कंडक्टरबरोबर वाटून. बदली म्हणून नाव मिळवणं हा कंडक्टरांचा जुना राजरस्ता आहे. पुष्कळ थोर पुरुषांनी आजारी माणसाच्या जागी उभं राहून पहिली रात्र मारली आहे. पण ती त्यांची पहिली रात्र असते, चाळीस वर्षांनंतरची नव्हे.

त्या २०२४ च्या उन्हाळ्यात बायरॉइटला पाच कंडक्टर होते आणि त्यांतल्या तिघी बायका होत्या: यंग, लिनिव आणि ‘टॅनहॉयझर’ करणारी नताली स्टुट्झमन. स्टुट्झमन मुळात गायिका, खर्जातल्या बायकी आवाजाची. तिने आयुष्यभर कंडक्टरांच्या छडीकडे समोरून, गाणाऱ्याच्या जागेवरून पाहिलेलं. म्हणजे १४५ वर्षं शून्य, आणि मग तीन वर्षांत बहुमत. हे मला समाजसुधारणेपेक्षा धरण फुटण्यासारखं वाटतं. पाणी मागे साचलेलं होतंच.

राहता राहिलं सगळ्यांत जास्त दिसणारं व्यासपीठ. व्हिएन्ना फिलहार्मोनिकची नववर्षाची मैफल १९३९ च्या अखेरीला सुरू झाली. आता ती दर १ जानेवारीला म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहातून जगभर दूरचित्रवाणीवर दिसते. तिथं सकाळचे सव्वाअकरा, म्हणजे मुंबईत दुपारचे पावणेचार. वॉल्ट्झ, पोल्का, फुलांनी भरलेलं सभागृह, शेवटी ‘राडेट्झ्की मार्च’च्या ठेक्यावर प्रेक्षकांच्या टाळ्या, आणि त्या टाळ्यांनाही प्रेक्षकांकडे वळून कंडक्ट करणारा कंडक्टर. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. २०२५ मध्ये त्या कार्यक्रमात पहिल्यांदाच एका बाईची, कॉन्स्टान्झे गायगरची रचना वाजली. आतापर्यंत तिथं उभ्या राहिलेल्या कंडक्टरांच्या यादीत झुबिन मेहतांचं नाव पाच वेळा येतं. मुंबईकर म्हणून तेवढ्यापुरती मान ताठ होते. मग मी यादी २०२६ पर्यंत, खालपर्यंत वाचते, आणि ती सगळी पुरुषांची आहे.